हिराबोळ: खडा कशासाठी, तेल कशासाठी

हिराबोळाच्या तेलाची छोटी बाटली आता ऑनलाइन सहज मिळते. तिच्याबरोबर एक सल्लाही फिरतो: बाळंतिणीला हिराबोळाची गोळी देतात, तसे या तेलाचे दोन थेंब पोटात घ्या. कृपया हे करू नका. खडा आणि तेल एकाच झाडाचे असले तरी औषध म्हणून ती दोन वेगळी द्रव्यं आहेत.

झाड गुग्गुळाच्या गणातलं, काटेरी, सोमालिया-इथिओपियाकडचं. नाव कॉमिफोरा मिऱ्हा. सालीतून गळलेला चीक वाळला की तांबूस-तपकिरी खडे होतात. खड्यात 30 ते 60 टक्के पाण्यात विरघळणारा डिंक, 25 ते 40 टक्के अल्कोहोलात विरघळणारी राळ आणि जेमतेम 2 ते 10 टक्के उडनशील तेल असतं. वाफेने ऊर्ध्वपातन केलं की तेवढं तेलच वर येतं, डिंक आणि बहुतेक राळ भांड्यात राहते. म्हणजे बाटलीत सुगंधी भाग कित्येक पटींनी एकवटलेला असतो आणि तोंड आवळून आणणारा तुरटपणा जवळजवळ नसतो.

म्हणूनच हिरड्या सुजल्या किंवा तोंड आलं तर तेल नको, खडा हवा. जर्मनीच्या कमिशन ई ने, म्हणजे वनौषधी तपासणाऱ्या तिथल्या सरकारी तज्ज्ञ समितीने, तोंडाच्या सौम्य दाहावर मान्यता दिली तीही खड्याला आणि त्याच्या टिंक्चरला. टिंक्चर म्हणजे एक भाग हिराबोळ आणि पाच भाग 90 टक्के अल्कोहोल. घरी स्पिरिट वापरून ते करायला जाऊ नका, सर्जिकल स्पिरिट तोंडात घालायचं नसतं. त्यापेक्षा खडा तासभर फ्रीझरमध्ये ठेवा, मग खलबत्त्यात कुटा. तसाच कुटला तर चिकटून लगदा होतो. पाव चमचा पूड कपभर कोमट पाण्यात घोटली की पाणी पिवळसर दुधाळ होतं. गुळण्या करून थुंकून टाका, दिवसातून दोनदा. आठवडाभरात सूज गेली नाही तर दातांच्या डॉक्टरांकडे जा. दातांवर साठलेलं कीटण हिराबोळाने निघत नाही.

दुकानात नुसतं ‘बोळ’ मागू नका. काळाबोळ म्हणजे कोरफडीचा आटवलेला रस. तो मुक्या मारावर लेप म्हणून लावतात, पण पोटात गेला तर जोरदार रेचक. तो काळा, काचेसारखा चकाकतो. हिराबोळ वरून धुरकट, फोडल्यावर आत तेलकट, कधी पांढऱ्या रेघा असलेला. तिसरा सोबती बिसाबोळ, हिराबोळासारखाच वाळलेला चीक, पण वासाला गोडसर. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा माल येमेनमधल्या एडन बंदरामार्गे मुंबईत येई आणि इथे निवडून युरोपला जाई, तेव्हाही हिराबोळ आणि बिसाबोळ एकमेकांत मिसळलेले असत.

आता तेल. ते त्वचेसाठी आणि वासासाठी आहे. त्वचेवर 0.6 टक्क्यांच्या वर जायचं नाही, असं सुरक्षिततेचे जाणकार सांगतात. हिशेब सोपा: 30 मिली तिळाच्या तेलात 3 थेंब, म्हणजे साधारण अर्धा टक्का. भेगाळलेल्या टाचांसाठी मलम करायचं असेल तर 10 ग्रॅम मधमाशांचं मेण आणि 40 ग्रॅम तिळाचं तेल गरम पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा, खाली उतरवा, कडेला साय धरू लागली की 5 थेंब घालून हलवा. मिश्रण कढत असताना घातलं तर वास उडून जातो. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून 24 तास थांबा. भेगेतून रक्त येत असेल तर मलम लावू नका.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे तेल कोणत्याही मार्गाने नको, हुंगायलाही नको. परंपरेतही हिराबोळ बाळंतपणानंतर देतात, आधी नाही, कारण तो गर्भाशयावर काम करतो असं मानलं जातं. बाळंतिणीला खडा द्यायचा तर वैद्यांना विचारूनच. मात्रा वाढली की जुलाब होतात. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी हिराबोळ पोटात अजिबात घेऊ नये. बाळाच्या धुरीतही टाकू नका, धूर कुठलाही असो, कोवळ्या फुप्फुसांना तो त्रासच देतो.

वासासाठी अल्ट्रासॉनिक डिफ्यूझरमध्ये (पाण्याचं सुगंधी धुकं करणाऱ्या यंत्रात) 100 मिली पाण्याला 2 थेंब पुरे, बरोबर लॅव्हेंडरसारखं पातळ तेल घाला. पाण्याशिवाय तेल फवारणाऱ्या डिफ्यूझरमध्ये मात्र नकोच, नळी बुजते. बुजलीच तर अल्कोहोलने पुसून काढावी लागते. हे तेल हवेने घट्ट होत जातं आणि बाटलीचं तोंड राळेने चिकटतं. झाकण बळाने फिरवू नका, बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात उभी ठेवा. वापरल्यावर दर वेळी तोंड पुसून झाकण घट्ट लावा आणि बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवा.