गुडघा ठणठणीत, तरी दुखतोय

एक्स-रे चांगला, रक्ताच्या तपासण्या चांगल्या, बसवलेला सांधा जागच्या जागी. तरी काकूंना गुडघ्यावर चादरही सहन होत नव्हती. ऑपरेशनला वर्ष उलटलं होतं, आणि ‘मनाचे खेळ आहेत’ हेही ऐकून झालं होतं.

“एकाच बोटाने दाखवा, कुठे?” मी म्हटलं. वाटीच्या किंचित खाली, आतल्या बाजूला त्यांनी बोट टेकवलं आणि झटकन उचललं. सगळ्या गुडघ्यावरून हात फिरवणारा पेशंट वेगळा आणि असं नेमकं बोट ठेवणारा वेगळा. सॅफेनस नस म्हणजे पायाच्या आतल्या बाजूची संवेदना नेणारा मज्जातंतू; तिची एक बारीक फांदी तिथूनच आडवी जाते. गुडघ्यावर उभा छेद घेताना ती बऱ्याचदा दुखावते. यात सर्जनचा हलगर्जीपणा नसतो, ती असतेच वाटेत.

सोनोग्राफीत बघून त्या फांदीपाशी थोडं भुलीचं औषध सोडलं. काही मिनिटांत काकू स्वतःच तिथे चापट्या मारून बघू लागल्या! पुढचा उपाय म्हणजे ती फांदीच गोठवून दुखणं थांबवायचं, पण ही चाचणी झाल्याशिवाय मी पुढे जात नाही. भलतीच नस गोठवून काय मिळणार?

गोठवायच्या दिवशी त्यांचा पहिला प्रश्न, “पाय लुळा पडणार नाही ना?” नाही. ही फांदी फक्त संवेदना नेते. स्नायूंना हुकूम देणारी असती, तर मी सहजासहजी हात लावला नसता.

नस गोठवायचं उपकरण म्हणजे क्रायोप्रोब, दिसायला जाड सुईसारखा. आत दाबाखालचा नायट्रस ऑक्साइड बारीक छिद्रातून सुटून पसरतो आणि टोक उणे ७० अंशांच्या आसपास थंड होतं. गॅस आतल्या आतच परत फिरतो, शरीरात जात नाही. स्क्रीनवर टोकाभोवती बर्फाचा काळा गोळा फुगताना दिसतो. नस इतकी वरवर, की गोळा कातडीला भिडला तर ती भाजल्यासारखी होणार. म्हणून मध्ये सलाइन भरून कातडी वर उचलली. सुरुवातीला काकू कळवळल्या, मग बधिरपणा आला. गोठवायचं, वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. पूर्ण वितळेपर्यंत प्रोब ओढायचा नाही, मांस त्याला चिकटलेलं असतं.

“त्यापेक्षा कापूनच टाका की कायमची.”

कापलेल्या टोकाला गाठ धरू शकते, आणि तिचं दुखणं मूळ दुखण्याच्या वरताण. गोठवल्यावर आतले तंतू मरतात, पण भोवतीची नळी शाबूत राहते. तिच्यातूनच ते रोज १-२ मिलिमीटर परत वाढतात. म्हणजे काही महिन्यांनी संवेदना येणार, कदाचित दुखणंही.

“मग?”

“मग पुन्हा गोठवू.”

“एवढंच ना! मग पुढची तारीख आत्ताच लिहून ठेवा.”