माझा अनुभव: फौजेची गोळी, मॅचची गोळी
आमचे बाबा वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले, त्यामुळे काडतूस म्हटलं की घरात आदरच. मी पॉइंट २२ रायफलने ५० मीटर प्रोन, म्हणजे जमिनीवर पालथं पडून, मारतो आणि मला कायम वाटायचं की मॅचचं, म्हणजे नेमबाजी स्पर्धेचं, महागडं काडतूस म्हणजे नुसता नावाचा पैसा, फौजेचा माल इतका भरवशाचा असतो मग यांना काय सोनं लावतात.

बाबांना विचारलं तर म्हणे बेटा, दोघांचं कामच वेगळं. फौजेची गोळी चिखलात, पावसात, आपल्या भुसावळच्या ४५ डिग्रीत उडालीच पाहिजे, म्हणून प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी बुडाची टिकली, दाबून पक्का करतात, वरून पाणी शिरू नये म्हणून लॅकर. जॅकेट, म्हणजे शिशावरचं धातूचं आवरण, टोकाला बंद आणि बुडाशी उघडं. ५.५६ मिमीच्या एसएस१०९ या फौजी गोळीत तर टोकाशी स्टीलचा तुकडा, मागे शिसं, दोन्ही एका रेषेत बसणं अवघडच. मोठ्या बोअरच्या, म्हणजे रुंद नळीच्या रायफलच्या, मॅच गोळीचं उलटं, बूड बंद आणि टोकाला बारीक भोक, कारण नळीतून बाहेर पडताना शेवटचा धक्का बुडाला बसतो, ते जरा वाकडं असलं की गोळी भरकटते. अमेरिकन फौजेचं साधं ७.६२ मिमीचं काडतूस १४७ ग्रेनच्या गोळीचं (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), पण त्यांच्याच स्नायपरचं एम११८एलआर १७५ ग्रेनचं आणि त्यात मॅचचीच गोळी, म्हणजे फौजेलाही फरक माहीत आहे!

पॉइंट २२ ला जॅकेट नसतं, ४० ग्रेनचं उघडं शिसं, पण एकसारखेपणाचा हिशोब तोच. मग स्वतःच तपासायला रात्रभर प्रवास करून पुण्याला बालेवाडीच्या रेंजवर गेलो. प्रॅक्टिसचा एक आणि मॅचचे दोन लॉट (लॉट म्हणजे एका खेपेत बनलेला माल), प्रत्येकी ५ ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या १०-१० गोळ्यांचे. काडतूस बदललं की पहिल्या १० गोळ्या मोजायच्या नाहीत, आधीच्या गोळ्यांचं मेण नळीत असतं, हे पहिल्या दिवशी मी विसरलो आणि सगळं परत केलं, खूप जीवावर आलं. ग्रुपच्या पसाऱ्याची सरासरी निघाली प्रॅक्टिस २४ मिमी, मॅचचा पहिला लॉट १९, दुसरा १५. टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिमीचं, तिथे दोन मॅच लॉटमधला हा ४ मिमीचा फरक फार मोठा आहे.

आणि दोन्ही मॅच लॉट एकाच कंपनीचे, डबाही सारखाच, फक्त लॉट नंबर वेगळा. आता मी नाव बघून घेतच नाही, माझ्या नळीला कोणता लॉट मानवतो ते बघतो. त्या दुसऱ्या लॉटच्या ५०० गोळ्या मिळाल्या, त्या फक्त स्पर्धेसाठी ठेवल्यात.