सदाफुलीच्या शेजारी

सदाफुली कुणी लावावी लागत नाही. बडोद्याच्या आपल्या शाळेत ती कुंपणाकडेला, पायऱ्यांच्या फटीत, जागा मिळेल तिथे उगवायची. मूळची मादागास्करची, पण बी भरपूर धरतं आणि कडू चिकामुळे गुरं तोंड लावत नाहीत, मग ती मागे कशाला हटेल?

अकरावीत जीवशास्त्राच्या बाईंनी टेबलावर तिच्याशेजारी रिक्सिया ही यकृतका (शेवाळासारखी साधी वनस्पती, इंग्रजीत लिव्हरवर्ट) ठेवली. पाण्याच्या टाकीमागच्या ओल्या मातीवरून अलगद उचललेली छोटीशी हिरवी चकती. भिंग हातात देऊन म्हणाल्या, "हिचं मूळ, खोड, पान शोधा." यकृतकेला मुळं नसतातच, केसांसारखे मूलाभ असतात. फूल नाही, बी नाही. पुंयुग्मक, म्हणजे नर जननपेशी, पाण्यातून पोहत स्त्रीयुग्मकाकडे, म्हणजे मादी जननपेशीकडे जातं. ओल नसेल तर गर्भधारणा नाही.

पण बाई रमल्या त्या पुढच्या भागात. यकृतकेचं जे हिरवं अंग आपल्याला दिसतं, ती गंतुकधारी, म्हणजे युग्मकं तयार करणारी पिढी. बीजुकधारी, म्हणजे बीजुकं (स्पोअर) तयार करणारी पिढी तिच्याच जिवावर पोसली जाते. सदाफुलीत सगळं उलट. झाड म्हणून दिसते ती बीजुकधारी, आणि गंतुकधारी पिढी परागकणात नि बीजांडात मोजक्या पेशींपुरती उरलेली. दोन रंगांच्या खडूंनी काढलेली ती आकृती मला अजून जशीच्या तशी काढता येते. वनस्पतिशास्त्र घ्यायचं, हे माझं त्याच तासाला ठरलं.

रिक्सिया बडोद्याच्या पावसाळ्यात दिसते. पण ऐचिसोनिएला हिमालयेन्सिस ही यकृतका बघा. लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजात शिकवणाऱ्या शिवराम कश्यप यांनी १९१४ मध्ये पश्चिम हिमालयातून तिचं वर्णन केलं. अख्ख्या प्रजातीत (जीनसमध्ये) ही एकच जाती (स्पीशीज), आणि ती धोक्यातल्या जीवांच्या जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. डोंगरउतार खोदला की तिची ओल जाते, आणि खोलवरचं पाणी शोधायला तिला मुळं नाहीत. सदाफुलीपासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टीन मिळतं, म्हणून तिची थोरवी सर्वांना पटते. यकृतकेची बाजू मांडायला मात्र बाईंसारखं कुणी लागतं.

महोत्सवानिमित्त शाळेच्या आवारात फरशी बसणार असल्याचं कळलं. संचालक मंडळाला माझी कळकळीची विनंती आहे: टाकीमागची हातभर माती उघडी ठेवा, आणि जुलैत अकरावीच्या मुलांना भिंग देऊन तिथे पाठवा.