३५ पॅटर्नची जुळणी: वेढे, गोळ्या आणि तिकीट क्रमांक

मागच्या नोंदीच्या शेवटी मी मोठ्या तोंडानं लिहिलं होतं, "पुढच्या रविवारी रायफल उभी राहील." तो रविवार गेला, त्यामागचे सहाही गेले. काल संध्याकाळी पहिला छर्रा नीट सुटला, म्हणून आज लिहायला तोंड आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. ही एअर रायफल आहे, स्प्रिंगची, बॅरल मोडून (म्हणजे बिजागरीवर खाली वाकवून) कॉक करायची. त्यानं स्प्रिंग दबते, ट्रिगर ओढला की ती पिस्टन पुढे फेकते आणि पिस्टननं दाबलेली हवा छर्रा ढकलते. जर्मनीत रास्टाटला पूर्वी बनणाऱ्या डायना ३५ ची आपल्याकडे जी नक्कल निघाली, तिला सगळे ३५ पॅटर्न म्हणतात. माझ्याकडे बॅरल आणि सिलिंडर मामाच्या जुन्या रायफलीचे, ट्रिगर ब्लॉक दुसऱ्या एका मोडीत काढलेल्या रायफलीचा आणि दस्ता तिसऱ्याच कुणाचा. कॅलिबर .१७७, म्हणजे ४.५ मि.मी. या कॅलिबरची आणि २० ज्यूलच्या आतली एअर रायफल आपल्याकडे परवान्याशिवाय ठेवता येते. ती त्या हद्दीत आहे ना, हे शेवटी क्रोनोवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, मोजलंय. आकडा खाली येईल.

आधी हत्यारांचं रडगाणं.

ऑनलाइन एक "गनस्मिथ टूल किट" घेतलं होतं, १८५० रुपयांचं. डबा फार सुंदर. आत ३६ बिट्स, पिना ठोकून बाहेर काढायचे चार पंच, एक पितळी हातोडी. दस्त्याचा पहिलाच स्क्रू सोडवताना बिट पिळवटला, जिलबीसारखा. दुसऱ्या बिटनं स्क्रूची खाच खाल्ली. मग डोकं जरा थंड करून बिट भिंगाखाली धरला, तेव्हा चूक कळली. साध्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं असतं. खाच मात्र सरळ कडांची असते. जोर लावला की पाचर वर सरकते आणि जाताना खाचेच्या कडा सोलून नेते. बंदुकीच्या कामाला टोक समांतर हवं, खाचेत बुडापर्यंत बसणारं आणि खाचेइतकंच रुंद. घरातला वडिलांचा जुना, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, बारीक कानशीनं टोक समांतर केलं, प्रत्येक पाचसहा घासांनी स्क्रूत बसवून पाहिलं. वीस मिनिटांचं काम. त्यानंतर एकही स्क्रू खराब झालेला नाही. किटमधली पितळी हातोडी मात्र चांगली निघाली, तेवढं श्रेय देतो.

पंचांची गोष्टही तशीच. किटमधले पंच इतके मऊ की पिनेऐवजी पंचाचंच डोकं फुललं. इथं कोल्हापुरात उद्यमनगरात एका लेथवाल्या मिस्त्रींनी मोडक्या ड्रिल बिटच्या दांड्यापासून दोन पंच करून दिले, एक पिनेपेक्षा किंचित बारीक आणि एक आखूड. पिना हलवायला आधी आखूड वापरायचा, मग लांब. पहिल्याच ठोक्याला लांब पंच लावला की तो वाकतो, आणि वाकला की सिलिंडरवर ओरखडा ठरलेलाच.

स्प्रिंग कम्प्रेसर, म्हणजे रायफल खोलताना स्प्रिंग दाबून धरायचा सांगाडा, विकत घेतला नाही, घरीच केला. सागवानी फळी, दोन्ही टोकांना ठोकळे, एका ठोकळ्यातून आटे पाडलेला १६ मि.मी. चा रॉड आणि रॉडच्या टोकाला चामडं चिकटवलेला लाकडी गोळा. ट्रिगर ब्लॉक मागून दाबून धरायचा, दोन आडव्या पिना काढायच्या आणि मग रॉड हळूहळू उलटा फिरवायचा. स्प्रिंग सिलिंडरच्या बाहेर येते तेव्हाही तिच्यात चांगला ताण उरलेला असतो. कम्प्रेसरशिवाय, पोटाला टेकवून, "मित्र धरेल" म्हणून हे काम करू नका. आणि बॅरल मोडलेली असताना ट्रिगरजवळ बोट नेऊ नका. चुकून ट्रिगर ओढला गेला तर बॅरल झटक्यात मिटते, आणि मध्ये बोट असेल तर बोट राहत नाही.

आता स्प्रिंग. इथंच सहा रविवार गेले.

जुनी स्प्रिंग वाकडी झालेली, मधले वेढे एकमेकांना चिकटलेले. एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, "३५ पॅटर्नसाठी हेवी ड्यूटी स्प्रिंग आणि सील किट" मागवलं. पार्सल आलं, मी उत्साहात तेच बसवलं, बॅरल मोडायला घेतली. अर्ध्यावर आली आणि थांबली. दगडासारखी. आणखी जोर लावला असता तर कॉकिंग लिव्हर वाकला असता.

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. मापं घ्यायला वर्निअर कॅलिपर काढला. माझ्या रायफलीत पिस्टन पूर्ण मागे गेल्यावर स्प्रिंगला ११८ मि.मी. जागा उरते. जुन्या स्प्रिंगची तार ३.२ मि.मी., वेढे ३५. सगळे वेढे एकमेकांना टेकले तर ३५ गुणिले ३.२, म्हणजे ११२. सहा मि.मी. शिल्लक, उत्तम. आलेल्या स्प्रिंगची तार ३.५ आणि वेढे ३८. गुणाकार १३३. एकशे अठरात एकशे तेहतीस कशी मावणार? यात मत, अनुभव, ब्रँड यांचा काही संबंध नाही. चौथीतला गुणाकार आहे. "हेवी ड्यूटी" या शब्दाला भुलून मागवायच्या आधी तारेची जाडी आणि वेढे विचारा. विक्रेत्याला ते सांगता येत नसतील तर तिथंच थांबा.

हा गुणाकार मी कस्टमर केअरला फोटोसकट पाठवला. तक्रारीचा तिकीट क्रमांक मिळाला. दोन दिवसांनी उत्तर: "सर, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ नव्हता. मी स्प्रिंग मागवली होती, बारशाची भेट नाही. तरी म्हटलं, वेढे तर आता मोजता येतात, व्हिडिओत ३८ चे ३५ होणार होते का? उत्तर: तिकीट बंद. खाली पाच चांदण्या, आमची सेवा कशी वाटली?

दुसरं तिकीट काढलं. या वेळी फोन आला. पोरगं बोलायला गोड होतं, पण त्याच्यासमोर जो कागद होता त्यात "स्प्रिंग" हा शब्द असावा असं वाटलं नाही. त्यानं मला तीनदा विचारलं, रायफल चार्ज केली होती का. मी म्हटलं, बाबा, हिला चार्जिंग नसतं. तो म्हणाला, मग पूर्ण रायफल सर्व्हिस सेंटरला पाठवा. पण ती तुमची रायफलच नाही, तीन रायफलींची मिळून एक आहे! "मग वॉरंटी रद्द होते, सर." वॉरंटी मी मागितली कधी होती? मला बरोबर मापाची स्प्रिंग हवी होती.

बऱ्याच घासाघाशीनंतर ठरलं की चुकीची स्प्रिंग मी परत पाठवायची, ते बदलून देतील. गेलो कुरिअरच्या ऑफिसात. काउंटरवरच्या ताईंनी फॉर्म पुढे केला, वस्तूचं नाव लिहा. लिहिलं, "एअर रायफल स्प्रिंग." त्यांनी पाकीट दोन बोटांनी उचलून माझ्याकडे सरकवलं. "दादा, रायफल चालत नाही." मी म्हटलं, ताई, तुमच्याच कंपनीनं हे मला घरपोच आणून दिलं. "ते तिकडच्या ब्रँचनं घेतलं असेल. आम्ही नाही घेत." मागं रांगेत उभ्या असलेल्या एकानं हळूच सल्ला दिला, स्टोव्हची स्प्रिंग लिहा की. सल्ला व्यवहारी होता. पण कायद्यात बसणाऱ्या छंदाला आपणच खोटी नावं द्यायला लागलो तर उद्या खरं नाव सांगायची सोय राहत नाही. पाकीट घेऊन घरी आलो. दुसऱ्या तिकिटावर तसं लिहिलं. तेही बंद झालं.

तिसऱ्या आठवड्यात मी नाद सोडला आणि मोडकी स्प्रिंग खिशात घालून शिवाजी उद्यमनगरात गेलो. कोल्हापुरात राहून हे आधी सुचायला हवं होतं. ऑइल इंजिनांचे सुटे भाग करण्यात ज्या गल्ल्यांची हयात गेली, तिथं एक स्प्रिंग वळवणं म्हणजे काय! त्या मिस्त्रींनी स्प्रिंग हातात घेतली, वेढे नखानं मोजले, तारेला मायक्रोमीटर लावला आणि विचारलं, "किती जागेत बसवायची?" इतक्या दिवसांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस.

३.२ ची पियानो वायर लेथवर न तापवता थंडच वळवली, दोन्ही टोकं घासून सपाट केली, मग ताण घालवायला ओव्हनमध्ये २५० अंशांच्या आसपास ठेवली. शेवटी व्हाइसमध्ये पूर्ण दाबून रात्रभर ठेवायला सांगितली. सोडल्यावर लांबी दीडेक सेंटिमीटर कमी झाली. घाबरू नका, ती व्हायचीच. जी बसायची ती आधीच बसू दे, रायफलीत गेल्यावर नको. पैसे विचारले तर म्हणाले, "पहिली हाय, चालवून बघ, मग दे." (दिले. दुसरीचेही आगाऊ दिले.)

पिस्टन सीलची कथा छोटी आणि सुखाची. किटमधलं प्लास्टिकचं सील माझ्या सिलिंडरात खुळखुळत होतं, म्हणून मुळात होतं तसं चामड्याचं करायचं ठरवलं. सुभाषनगरात चपला करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी जुनं सील पाहिलं. "हे पंपाचं वायसर न्हवं?" "तसंच काका, पण बंदुकीचं." त्यांनी बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या म्हशीच्या चामड्याचा तळव्याचा तुकडा काढला, भिजवला आणि मी लेथवर करून नेलेल्या साच्यात दाबून बसवला. दोन दिवस सावलीत वाळवलं, कडा कापल्या, मग एरंडेलात मुरवलं. एरंडेल त्यांचा सल्ला. पहिल्या वीसेक छर्ऱ्यांना नळीतून धूर आला आणि घरभर बाळंतिणीच्या खोलीसारखा वास सुटला. आता धूर नाही. पिस्टनच्या बाजूंना मोली ग्रीस, पण अगदी पुसट. पिस्टनच्या तोंडाशी ग्रीस किंवा तेल गेलं तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं ते पेटतं, बार मोठा होतो आणि नवी स्प्रिंग फुकट जाते. मोली ग्रीस मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतं, सीव्ही जॉइंटचं म्हणून मागा.

आता शीर्षकातल्या गोळ्या. झाडायच्या नव्हेत, ट्रिगरमधल्या.

या पॅटर्नच्या ट्रिगरमध्ये पिस्टनचा दांडा अडकवायला आकडा नसतो. दांड्याच्या टोकाला एक खोबण असते, तिच्यात तीन पोलादी गोळ्या उतरतात आणि बाहेरची नळी त्यांना तिथंच दाबून ठेवते. ट्रिगर ओढला की नळी सरकते, गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि दांडा सुटतो. युक्ती इतकी देखणी आहे की पहिल्यांदा कळली तेव्हा मी चहा विसरलो. पण जुळवताना तीन गोळ्या तीन भोकांत, आतून दांडा नाही, बाहेरून नळी यायची आहे, आणि हात दोनच.

पहिल्यांदा एक गोळी फ्रीजखाली गेली. चुंबक फिरवला तर एक हेअरपिन, दोन टाचण्या आणि वर्षभरापूर्वी हरवलेली किल्ली मिळाली. गोळी नाही. सायकलच्या दुकानातून त्याच मापाच्या तीन नव्या आणल्या. एकच नवी घालू नका, तिन्ही एकसारख्या हव्यात. उपाय साधा आहे: भोकांत घट्ट ग्रीस भरा, गोळ्या त्यात रुतवा, ब्लॉक उभा धरून नळी वरून सरकवा. चौथ्या प्रयत्नाला जमलं. शेजारचा आठवीतला मुलगा तेव्हा बघत बसला होता. त्यानं विचारलं, "काका, स्वप्नील कुसळेची रायफल अशीच असते?" ऑगस्ट २०२४ मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नीलनं पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ घेतल्यापासून आमच्याकडे हा प्रश्न कुठल्याही नळीला लागू होतो. त्याला सांगितलं की ती ५० मीटरची, .२२ काडतुसाची रायफल. त्याचा चेहरा पडला, मग म्हणाला, "पण गोळ्या त्याच्यात पण हरवत असतील ना?"

काल क्रोनो लावला. ०.५३ ग्रॅमचे छर्रे, दहा बार. सरासरी १७१ मीटर प्रति सेकंद, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात संथ छर्ऱ्यात ६ चा फरक. जुन्या स्प्रिंगवर हाच फरक २३ होता. ऊर्जा पावणेआठ ज्यूलच्या आसपास, म्हणजे २० पासून लांब. दहा मीटरवर, टेकून, पाच छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात. एक सहावा होता, तो माझा.

अजून उरलंय ते: बॅरलच्या बुडाचा वॉशर थोडी हवा सोडतोय, टिश्यूचा कपटा धरला की फडफडतो. दस्त्याचे पुढचे दोन स्क्रू दर तीसेक बारांनी ढिले होतात, आतून लाकूड दबलंय, तिथं पितळी बुश बसवावा लागेल. मागची साइट तर दुसऱ्याच रायफलीची वाटते.

आणि हो, आज सकाळी कुरिअर आलं. पहिल्या तिकिटानंतर सत्तेचाळिसाव्या दिवशी कंपनीनं न मागता बदली स्प्रिंग पाठवली, सोबत दिलगिरीचं छापील कार्ड. या वेळी मोबाइल उभा करून अनबॉक्सिंगचा व्हिडिओ काढला. वेढे मोजले. ३८. कुणाला ३.५ च्या तारेची स्प्रिंग कशालाही हवी असेल तर माझ्याकडे दोन आहेत, कोल्हापुरात येऊन हातात न्या.