माहेरचं नाव वर

मंगळवार, रात्री

यादीत माझं नाव दोनदा आलं, एवढंच झालं. पण डोक्यातून जाईना.

कुणाचे किती कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, आहेत ते बघायला सरांनी मीटिंगमध्ये मोठ्या स्क्रीनवर गिट शॉर्टलॉग लावला. गिट म्हणजे कोडचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर, शॉर्टलॉग म्हणजे त्यातली नावागणिक यादी. जास्तवाला वर, कमीवाला खाली. सगळ्यात वर मी, माहेरच्या आडनावानं. मध्ये दोघं-तिघं सोडून खाली परत मीच, सासरच्या. नवीन पोरगं म्हणालं, "मॅडम, ह्या वरच्या मॅडम कोण? ऑफिसात कधी दिसल्या न्हाईत." सगळे हसले. मीपण हसले.

तसं काही कोडं नाही त्यात. घरचा लॅपटॉप अण्णांनी कॉलेजात असताना घेऊन दिलेला, तेव्हा गिटच्या कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंगमध्ये, घातलेलं नाव अजून तसंच आहे. ऑफिसच्या मशीनवर कागदोपत्री असलेलं. गिट काही पुरावा मागत नाही, तिथं लिहिलं असेल ते नाव कमिटवर उमटवतं. नाहीतर ते रेशनकार्ड! तिकडून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय इकडं चढवून घेईनात. असो.

कोडची मात्र कधी गल्लत नाही. निघताना पुश, म्हणजे कोड सर्व्हरवर चढवायचा, घरी आल्यावर पुल, म्हणजे तिथून उतरवून घ्यायचा, रात्री परत पुश. सगळा इतिहास दोन्हीकडं अख्खाच्या अख्खा.

पण माहेरचं नाव वर, याचा अर्थ माझं जास्त काम घरीच होतंय. लॉग उघडून बघितला. 18:20 ला कमिट, 'अर्धवट, घरी बघते'. त्याच्या पुढचा 22:50 चा. मधल्या वेळात स्वयंपाक, भांडी, धाकटीचा गृहपाठ, सासूबाईंची औषधं, सगळं बसलंय. लॉगमध्ये एक ओळ नाही. ते जाऊ दे. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग बदल की नाव. दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचंच आहे. तेच तर.

सर म्हणाले, मेलमॅप फाइल टाक. त्यात एका ओळीत डावीकडं खरं नाव आणि ईमेल, उजवीकडं जुनं. मग शॉर्टलॉग दोघींना एक धरतो. जुने कमिट आहेत तसेच राहतात, दाखवताना तेवढं नाव बदलतं. मुळातच बदलायचं तर त्या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखीचा नंबर, बदलतो, त्याच्यावर रचलेल्या सगळ्यांचे बदलतात, आणि सगळ्या ऑफिसच्या कॉप्या बिघडतात. तेवढा उपद्व्याप कोण करणार? मेलमॅपच बरा. पण डावीकडं कुणाला बसवायचं? जेवणं झाल्यापासून फाइल उघडून बसलेय.

मग उगीच दोघींचे कमिट मेसेज वाचत बसले. ऑफिसवालीचे: 'फिक्स', 'परत फिक्स', 'आता चालेल'. घरवालीचा: 'हीट नंबर रिकामा असेल तर चलन अडवा, आधी शून्य धरून पुढं जात होतं'. हीट नंबर म्हणजे भट्टीतल्या एका ओताचा नंबर. वाचून मलाच हसू आलं. ऑफिसात फाउंड्रीवाले दिवसभर फोन करणार, त्यात दुसरं काय लिहून होणार? रात्री कुणाचा फोन नसतो. ही वरची बाई बरी आहे की. हिला खाली का ढकलायचं?

फाइल न लिहिताच बंद केली. सर विचारतील तेव्हा बघू.

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या वर गेलंय, म्हणजे इशारा पातळी झाली. 2019 ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेलेला, तेव्हापासून पाऊस लागला की सर दारातच विचारतात, "पुश केलंस का?" आज केलंय. रात्रीत अजून चढलं तर उद्या घरूनच काम, म्हणजे भर दुपारीसुद्धा माहेरचंच नाव लागणार.