तुम्ही विचारलंत म्हणून: गाडीखाली ऑईल पडतंय, चालवू का काम काढू?

जुनी गाडी ठेवली की लोक आपली तब्येत विचारत नाहीत, हेच विचारतात. खाली डाग पडतायत, तशीच चालवू का लगेच इंजिनचं काम काढू? माझी गाडी १८ वर्षांची आहे आणि तिने जवळजवळ प्रत्येक सांध्यातून ऑईल सांडून दाखवलंय, म्हणून मलाच विचारत असावेत.

माझं उत्तर एकच, आधी शोधा, मग खोला. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा सरकवा आणि सकाळी डाग बघा, तपकिरी-काळा बुळबुळीत असेल तर इंजिन ऑईल, लाल असेल तर बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स नाहीतर पॉवर स्टीअरिंग, हिरवं-गुलाबी पाणचट असेल तर कूलंट, आणि नुसतं स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं असतं, त्यावरूनही मला घाबरलेले फोन येतात.

आता खरी गोम. थेंब जिथे पडतो तिथे लीक असेलच असं नाही. ऑईल वरून ओघळत येतं, गाडी पळताना वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला जाऊन लोंबतं. माझ्या गाडीचा थेंब इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात लोंबत होता, मेकॅनिकने खालून बॅटरी मारली आणि म्हणाला क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचं, मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल. मी हो म्हणालो. सील म्हणजे रबराची एक रिंग, पण तिथपर्यंत पोचायलाच अख्खा दिवस जातो. रिंग बदलली, गिअरबॉक्स परत चढवला आणि आठवड्याच्या आत थेंब परत त्याच जागी हजर.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं, थंड इंजिनवर डीग्रीझर (तेलकट मळ काढायचं द्रावण) मारून ते स्वच्छ पुसून काढलं, २० मिनिटं चालू ठेवलं आणि या वेळी वरून बघितलं. टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून, जिथे मान वाकडी केल्याशिवाय दिसत नाही, एक बारीक ओली रेघ सरळ खाली गेलेली. कव्हर काढलं तर पॅकिंग उष्णतेने इतकं कडक झालेलं की हातात घेतल्यावर काडीसारखं कटकन तुटलं. नवीन टाकलं. (बोल्ट जोर लावून आवळू नका, कव्हर वाकतं नाहीतर आटे जातात, हे मी स्वतः करून शिकलोय.)

आणि तरी दोन महिन्यांत तिथे परत ओलं! इथे मात्र मी वैतागलो. शेवटी कारण निघालं पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनचा श्वास म्हणा. पिस्टनच्या कडेने थोडा गॅस खाली निसटतोच, त्याला बाहेर पडायची वाट म्हणजे हा व्हॉल्व्ह आणि त्याचा पाईप, ती वाट चोक झाली की आत प्रेशर वाढतं आणि ऑईल जिथे सील कमजोर तिथून बाहेर येतं. माझ्या पाईपात डांबरासारखा गाळ होता. तसला व्हॉल्व्ह हलवला की आतून खडखड आवाज यायला पाहिजे, माझा मुका होता. तो बदलल्यापासून तेच पॅकिंग आजपर्यंत कोरडं आहे. क्रँक सीलचं मी आता मनाला लावून घेत नाही.

तर चालवू का? ऑईल किती जातंय ते डिपस्टिक, म्हणजे इंजिनमधली ऑईल मोजायची पट्टी, सांगेल. गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून बघा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण १ लिटरचा फरक असतो. दोन सर्व्हिसच्या मधे थोडंसं टॉप-अप पुरत असेल तर मी तरी चालवतो, फक्त आठवड्याला बघतो. पण बॉनेटमधून जळकट वास किंवा धूर आला तर थांबायचं, ऑईल गरम एक्झॉस्टवर पडत असेल तर आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर (इंजिनचे व्हॉल्व्ह आणि पिस्टन एका तालात ठेवणारा पट्टा) ऑईल जात असेल तरी थांबायचं. आणि डॅशबोर्डवरचा लाल ऑईलचा दिवा, तो लेव्हल नाही प्रेशर दाखवतो, त्यामुळे तो लागेपर्यंत वाट बघू नका आणि लागलाच तर गाडी बाजूला घेऊन लगेच इंजिन बंद.

लीक बंद करायची बाटली मिळते त्याबद्दलही विचारतात. रबर थोडं फुगवून आकसलेल्या सीलला काही दिवस तारते, फाटलेल्या पॅकिंगला काही करत नाही. त्यापेक्षा आधी ड्रेन बोल्टचा (ऑईल काढायच्या खालच्या बोल्टचा) वॉशर बघा, आणि फिल्टर बदलताना जुनी रबर रिंग इंजिनलाच चिकटून राहिली नाही ना ते बघा, दोन रिंगा एकावर एक बसल्या की धो धो गळतं.

माझा पुठ्ठा अजून गाडीखाली असतोच. गेल्या महिन्यात त्यावर नवा डाग दिसला, लाल. पॉवर स्टीअरिंगचा पाईप.