जाड पिनांचा नकार

आमच्या मिरजेच्या घरी माळ्यावर श्रीखंडाचा एक मोठा प्लॅस्टिकचा डबा आहे. त्यात श्रीखंड होतं ते दादाच्या मुंजीत. तेव्हापासून त्यात वायरी आहेत. उपकरण मेलं की बाबा त्याची वायर काढून डब्यात टाकतात, आणि दर दिवाळीला कुठलीतरी वायर शोधायला अख्खा डबा सतरंजीवर उपडा होतो. टेपरेकॉर्डरची, आठाच्या आकड्यासारख्या तोंडाची. जुन्या लॅपटॉपची, मिकी माउससारखी. कॉम्प्युटरची, जाडजूड तोंडाची. पहिल्या दोघींची झेप अडीच अँपियर, तिसरीची दहा. पण या दहावालीच्या दुसऱ्या टोकाला आपला नेहमीचा सहा अँपियरचा प्लग. म्हणजे वायर सहाचीच. पंगतीत वाढपी कितीही दणकट असला तरी पळी छोटीच.

मामानं दिलेली एक जुनी स्टीलची किटली होती, तिची वायर हरवली. बाबांनी कॉम्प्युटरची काढली. तोंड तेच, तीन पिना त्याच. किटली बाराशे वॉटची. बाराशेला घरातल्या 230 व्होल्टनं भागलं की सव्वापाच अँपियर येतात. हिशेब चोख. पण वायर आत जाईना. किटलीच्या खाचेत एक बारीक उंचवटा होता, तो आडवा येत होता. बाबांनी सुरी गॅसवर तापवली आणि वायरीच्या तोंडाला तेवढीच खाच पाडली. गेली की आत! आईनं लगेच चहा टाकला.

तो उंचवटा काय म्हणत होता, हे मला फार उशिरा कळलं. कॉम्प्युटरच्या वायरीचं तोंड 70 अंशांपर्यंतच्या पिनांसाठी असतं. किटलीसाठी तसंच दिसणारं पण खाचवालं तोंड मिळतं, ते 120 अंशांपर्यंत टिकतं. खाचवाली वायर कॉम्प्युटरला चालते, कॉम्प्युटरची किटलीला नाही. प्रश्न अँपियरचा नव्हताच, तापण्याचा होता. दोन महिन्यांत वायरीचं तोंड तपकिरी पडलं आणि चहाला जळक्या प्लॅस्टिकचा वास यायला लागला. आई म्हणाली, चहापत्ती बदलली वाटतं.

आपले गोल पिनांचे प्लग मूळचे इंग्रजांचे. पाच अँपियरचा बारीक, पंधराचा जाड. आता ते सहा आणि सोळा झालेत. पण दुकानात अजून पाच-पंधराच मागतात, आणि थोरल्याला वायरिंगवाला नुसतं ‘पॉवरचा’ म्हणतो. गंमत अशी की बारक्या प्लगची अर्थिंगची पिन जितकी जाड, साधारण तितक्याच जाड थोरल्याच्या बाकीच्या दोन पिना. दोघं भाऊ शेजारी ठेवले की लगेच दिसतं. 1947 साली इंग्रज इथून गेले आणि त्याच वर्षी त्यांच्याकडे चौकोनी पिनांचा, तेरा अँपियरचा नवा प्लग ठरला. टेबललॅम्प असो की हीटर, प्लग एकच, पण त्याच्या पोटात फ्यूज. वायर झेपेल तेवढाच फ्यूज घालायचा, जास्त ओढलं की तो जळतो. आपण जुनंच धरून बसलो. आपल्या प्लगच्या पोटात काही नाही. तो बिचारा फक्त आकारानं नाही म्हणतो: मी जाड आहे, या भोकात मावत नाही.

आणि हे एवढं ‘नाही’ सुद्धा आपल्याला सोसत नाही. दोन पिनांचा चार्जर जावा म्हणून अर्थिंगच्या भोकात बॉलपेन खुपसून सॉकेटातली झडप उघडणारा माणूस प्रत्येक घरात असतो. आमच्याकडे तो मीच. (अर्थिंगची पिन लांब ठेवलेली असते ती आधी आत जाऊन झडप उघडावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. तिचं काम मी रेनॉल्ड्सच्या पेनाला दिलं होतं.) शिवाय बाजारात तो पांढरा ठोकळा मिळतोच, कन्व्हर्जन प्लग. पुढून सोळाची भोकं, मागून सहाच्या पिना.

आमच्या मोरीत पॉवर पॉइंट नव्हता. पाणी तापवायची कांडी दोन हजार वॉटची, म्हणजे पावणेनऊ अँपियर. तिचा जाड प्लग ठोकळ्यात, ठोकळा एक्स्टेंशन बोर्डात, बोर्ड हॉलमधल्या सॉकेटात. एक अख्खा हिवाळा काढला. बोर्डाची वायर हाताला कोमट लागायची, आणि मांजर नेमकी तिथेच झोपायची.

“एमसीबी आहे ना,” बाबा म्हणायचे. म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. “जास्त झालं तर पडेल.”

एके सकाळी ठोकळा बोर्डालाच चिकटला. वायरमन आला. त्यानं तो पकडीनं उपटला, बोटानं काजळी पुसली.

“काका, एमसीबी सोळाचा आहे. तो भिंतीतल्या वायरीला सांभाळतो. त्याच्या लेखी नऊ म्हणजे काहीच नाही, तो कशाला पडेल? बोर्ड सहाचा आहे हे त्याला कोण सांगणार?”

बाबा हिशेबाचे पक्के, आयुष्यभर खतावण्या लिहिल्या. म्हणाले, सहाच्या जागी पावणेनऊ म्हणजे दीडपटसुद्धा नाही. मी शाळेतलं सूत्र आठवून सांगितलं, उष्णता प्रवाहाच्या वर्गानं वाढते, दीडपटीला जरा कमी असलं तरी ती दुपटीच्या वर जाते. शिवाय पिन सैल बसली की तिथे वेगळीच भट्टी. बाबांनी पाकिटावर आकडे मांडले, एकदा खोडले, परत मांडले आणि वायरमनला विचारलं, “मोरीपर्यंत नवी लाइन टाकायला किती?”

लाइन पडली, अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीची. जळका ठोकळा मी कचऱ्यात टाकला होता. संध्याकाळी पाहिलं तर बाबा ओट्यावर पक्कड घेऊन बसलेले. प्लॅस्टिक फोडून पितळी पिना वेगळ्या काढल्या होत्या. भंगारवाला पितळेचा भाव वेगळा देतो म्हणे. पिना डब्यात गेल्या.